एका रात्रीत ऐंशी ग्रॅम: खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या कॅल्शिअमचं एक प्रकरण

आधी शब्दांचा एक घोळ मिटवतो. मराठीत ‘क्षारता’ हा शब्द पाण्याच्या खारेपणालाही वापरतात आणि अल्कलिनिटीलाही. या प्रकरणात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तऱ्हेने चुकल्या होत्या. म्हणून इथे मीठ किती आहे याला ‘खारेपणा’ म्हणतो आणि कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याला ‘अल्कलिनिटी’. घरात मासे आणि प्रवाळ पाळलेल्या या टाकीच्या मालकिणीला मी ताई म्हणतो, इथेही तेच म्हणणार आहे. हे सगळं लिहायला त्यांची परवानगी आहे, आकडे त्यांच्या वहीतले आहेत.

पार्श्वभूमी

टाकी दीड वर्षाची. काचेचं माप ९० × ५० × ५० सेंटीमीटर, खाली संप, म्हणजे उपकरणं ठेवायची दुसरी छोटी टाकी, संपात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पाणी वर परत नेणारा रिटर्न पंप. पहिलं वर्षभर टाकीत फक्त मऊ प्रवाळ होते. त्यांना कॅल्शिअम फारसं लागत नाही, पंधरा दिवसांनी थोडं पाणी बदललं की भागतं. मग ताईंनी दगडी प्रवाळ आणायला सुरुवात केली. आधी एक हॅमर कोरल, मग माँटिपोराची दोन पानं. काचेवर आणि खडकांवर गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळही धरू लागलं होतं. हे सगळे जीव पाण्यातून कॅल्शिअम आणि कार्बोनेट उचलून चुनखडीचा सांगाडा बांधतात.

अल्कलिनिटी उतरतेय हे ताईंच्या लक्षात आलं होतं. म्हणून सहा आठवड्यांपासून दर रविवारी त्या ८ ग्रॅम सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, पाण्यात विरघळवून संपात ओतत होत्या. कॅल्शिअम मात्र त्यांनी कधी मोजलं नव्हतं. एका रविवारी नवीन किट आणून मोजलं, तर ३४० पीपीएम, म्हणजे लिटरमागे साधारण ३४० मिलिग्रॅम. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ते ४१० ते ४२० च्या आसपास असतं. ताई घाबरल्या. प्रवाळांची उपासमार होतेय, असं त्यांना वाटलं.

त्या रविवारी काय झालं

ताईंनी हिशेब नीट मांडला होता. ३४० वरून ४२०, म्हणजे ८० पीपीएमची तूट. टाकीचे २२५ लिटर, संपचे ४५, एकूण २७०. ऐंशी गुणिले २७० म्हणजे साधारण २१.६ ग्रॅम कॅल्शिअम. कॅल्शिअम क्लोराइडमध्ये २७ टक्के कॅल्शिअम असतं असं त्यांनी वाचलं होतं, त्यावरून ८० ग्रॅम पावडर काढली.

या हिशेबात दोन चुका होत्या. २७० लिटर हे काचेच्या बाहेरच्या मापावरून, अगदी काठोकाठ भरल्यासारखं काढलेलं. काचेची जाडी वजा केली आणि पाण्याची खरी पातळी धरली, तर टाकीत १९० लिटर मावतात. त्यातून खडक आणि वाळूची जागा गेली की १७०. संप धरून २१५. दुसरी चूक पावडरीची. २७ टक्के हा आकडा डायहायड्रेटचा, म्हणजे ज्याच्या स्फटिकात पाण्याचे रेणू आहेत त्या रूपाचा. ताईंच्या हाती होतं निर्जल कॅल्शिअम क्लोराइड, त्यात ३६ टक्के. डब्यावर ‘ॲनहायड्रस’ हा शब्द होता, पण तो बारीक अक्षरात, रासायनिक सूत्राच्या खाली.

खूण मात्र मिळाली होती. विरघळवताना भांडं इतकं तापलं की ताईंना ते फडक्याने धरावं लागलं. कॅल्शिअम क्लोराइड पाण्यात पडलं की उष्णता निघतेच, पण निर्जल रूपाची उष्णता चटका देणारी असते. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करायचं, पाण्यात पावडर थोडी थोडी टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही. द्रावण थंड झाल्यावर ताईंनी ते अख्खं संपात ओतलं. ८० ग्रॅम निर्जल म्हणजे जवळपास २९ ग्रॅम कॅल्शिअम. २१५ लिटरमध्ये ते १३४ पीपीएमची उडी देतं. पाणी ३४० वरून ४७४ ला गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी कदाचित निभावलं असतं. पण तो रविवार होता. अर्ध्या तासाने त्यांनी नेहमीचा सोडा ॲश ओतला, संपच्या त्याच कप्प्यात.

सोडा ॲशने तिथल्या पाण्याचा पीएच क्षणभर खूप चढतो. तिथे आधीच कॅल्शिअम ठासून भरलेलं. दोघांची गाठ पडली आणि कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, पाण्यातच धरू लागली. एकदा बारीक कण तयार झाले की त्यांच्यावर आणखी चुनखडी बसत जाते. रात्री दहाला मला फोन आला, “दादा, पाणी दुधासारखं झालंय. मासे दिसेनात.”

त्या रात्रीचे पर्याय

फोनवर आम्ही चार गोष्टींचा विचार केला.

अर्धं पाणी बदलणं ही पहिली. ताईंकडे फक्त ४० लिटर खारं पाणी तयार होतं. आणखी शंभर लिटर घाईत कालवून ताजंच टाकीत घालणं मला पटलं नाही. नुकतं कालवलेलं मीठ पूर्ण विरघळलेलं नसतं, तापमान जुळत नाही, आणि प्रवाळांना एका रात्रीत दुसरा धक्का बसतो.

काहीतरी आम्ल घालून चुनखडी विरघळवणं ही दुसरी. ती मी लगेच बाजूला ठेवली. पीएच कोसळला तर मासे आणि प्रवाळ दोन्ही जातील.

तिसरी ताईंनीच सुचवली. चुनखडी धरल्याने अल्कलिनिटी खाली गेली असणार, तर ती लगेच भरून काढू का? हा मोह सगळ्यात धोक्याचा. पाण्यात कण तरंगत असताना कार्बोनेट घालणं म्हणजे त्याच कणांना आणखी खाद्य पुरवणं.

उरली चौथी. डोस पूर्ण बंद, दिवे बंद, स्किमर आणि एअर स्टोन चालू, गाळण्याच्या पट्टीत नवा फ्लॉस (गाळायचा कापूस) घालून तो दर दोन-तीन तासांनी बदलायचा. हवा खेळती राहिली की माशांना ऑक्सिजन मिळतो आणि सोड्याने चढलेला पीएचही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे उतरू लागतो. आम्ही हेच केलं.

पण त्याच फोनवर माझी एक चूक झाली. ताईंनी अल्कलिनिटी मोजली, ती १०.८ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक) आली. मी म्हणालो, “मग ठीक आहे, झोपा निवांत.” ठीक नव्हतं. अल्कलिनिटीच्या चाचणीत आपण नमुन्यात थेंब थेंब आम्ल घालतो. नमुन्यात चुनखडीचे कण तरंगत असतील तर तेही त्या आम्लात विरघळतात आणि अल्कलिनिटी म्हणून मोजले जातात. पांढऱ्या पाण्याची अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातली अधिक कणांतली. प्रवाळांना त्यातली फक्त पहिली मिळते. नमुना बारीक गाळणकागदातून गाळून मोजायला सांगायला हवं होतं.

सकाळी पाणी निवळल्यावर पुन्हा मोजलं. अल्कलिनिटी ६.४, कॅल्शिअम ४४०.

हे आकडे एकमेकांशी किती चोख जुळतात, ते पाहण्यासारखं आहे. चुनखडी धरते तेव्हा दर २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शिअम जातं, हे प्रमाण ठरलेलं. रविवारी अल्कलिनिटी ९.२ होती, सोडा ॲशने त्यात २ ची भर पडली, म्हणजे ११.२. तिथून ६.४ म्हणजे ४.८ ची घट. त्या प्रमाणाने कॅल्शिअमची घट ३४. आणि ४७४ मधून ३४ गेले की बरोबर ४४०. ताईंनी ओतलेला सगळा सोडा आणि त्याहून जास्त काही रातोरात पांढरी पूड होऊन वाळूवर बसलं होतं. हीटरवर खरबरीत पापुद्रा आला होता, कारण गरम पृष्ठभागावर चुनखडी आधी धरते. रिटर्न पंप घरघरत होता. तो उघडून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवला तेव्हा इम्पेलरवरून, म्हणजे पंपाच्या फिरत्या पंख्यावरून, बुडबुडे उठत राहिले.

३४० चं खरं कारण

तिसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. सोबत ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ, समुद्राएवढं) प्रमाण द्रावण नेलं होतं, रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं उपकरण, तपासायला. ताई त्यांचा रिफ्रॅक्टोमीटर नेमाने डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणत. काचेवर माझ्या द्रावणाचा थेंब टाकला, झाकण मिटलं, उजेडाकडे धरून पाहिलं. निळी रेघ ३९ वर होती. पुन्हा पुसून, दुसरा थेंब टाकून पाहिलं, तरी ३९.

म्हणजे उपकरण शून्यावर बरोबर आणि ३५ वर चुकीचं. ताईंना ३५ दिसत होतं तेव्हा टाकी खरं तर ३१.४ ला होती, आणि ती कितीतरी महिने तशीच होती. खारं पाणी पातळ असलं की त्यातलं सगळंच त्या प्रमाणात पातळ असतं. ३४० ला ३५ च्या खारेपणावर नेऊन पाहिलं तर ते ३७९ होतं. मॅग्नेशिअम ११३० मोजलं, तेही त्याच हिशेबाने १२६० भरतं, म्हणजे समुद्राच्या जवळ.

कॅल्शिअमची खरी तूट होती जेमतेम ३५ ते ४०. तीही सहा आठवडे एकट्या सोडा ॲशवर टाकी चालवल्यामुळे पडलेली. कार्बोनेट बाहेरून येत होतं, त्याच्या जोडीचं कॅल्शिअम फक्त पाण्यातून उपसलं जात होतं. शिवाय साध्या टेस्ट किटमध्ये दहा-वीस पीपीएमचा फरक सहज पडतो. गुलाबी रंग निळा कधी झाला, ते ट्यूबलाइटखाली ठरवणं अवघड असतं. आणि कॅल्शिअम ३६० च्या वर असेल तर बहुतेक प्रवाळांची वाढ त्यावाचून अडत नाही. ज्याला ताई उपासमार समजल्या, त्यासाठी आठवडाभर थांबलं असतं तरी चाललं असतं.

पुढचे सहा आठवडे

इथे पेच होता. अल्कलिनिटी वर न्यायची, खारेपणाही वर न्यायचा, आणि कॅल्शिअम मात्र आधीच ४४०. खारेपणा ३१.४ वरून ३५ ला नेला की नव्या मिठाबरोबर सुमारे ४५ पीपीएम कॅल्शिअमही येणार. घाईने नेलं तर ४८५ होईल आणि चुनखडी धरायला पुन्हा निमित्त मिळेल.

पहिलं काम अल्कलिनिटी. यासाठी सोडा ॲश बाजूला ठेवून सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा वापरला, कारण त्याने पीएच चढत नाही. रोज अर्धा डीकेएच चढवायला ३.२ ग्रॅम, अर्ध्या लिटर आरओ पाण्यात विरघळवून, सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं, संपात जिथे पाण्याला जोर आहे तिथे. पाचव्या दिवशी अल्कलिनिटी ८ वर आली. याहून वेगाने नेली नाही. अल्कलिनिटीत दिवसाला एक डीकेएचहून मोठी उडी दगडी प्रवाळांना सोसत नाही, आणि हे प्रवाळ आधीच एकदा भाजून निघाले होते.

खारेपणासाठी सोपा मार्ग निवडला. या टाकीतून रोज साडेतीन लिटर पाणी उडून जातं, त्याची भरपाई आरओ पाण्याने होते. आठवड्यातून एक दिवस ती भरपाई ३५ च्या खाऱ्या पाण्याने करायची. सहा आठवड्यांत त्याने खारेपणा हवा तेवढा चढतो, आठवड्याला जेमतेम ०.६. या काळात कॅल्शिअमचा एक थेंबही घालायचा नाही, अल्कलिनिटी तेवढी राखायची. प्रवाळ आठवड्याला साधारण १० पीपीएम कॅल्शिअम उचलतील आणि मिठातून येणारी भर त्यात जिरून जाईल.

ताईंना हे पटायला वेळ लागला. ज्या गोष्टीची कमतरता म्हणून हे सगळं घडलं, तीच सहा आठवडे घालायची नाही? त्यांनी हे दोनदा विचारलं. मी वहीतले आकडे पुन्हा त्यांच्यासमोर मांडले. तिसऱ्या आठवड्याला खारेपणा ३३.२, कॅल्शिअम ४३०. सहाव्या आठवड्याला खारेपणा ३५, कॅल्शिअम ४२५, मॅग्नेशिअम १२६०.

रोजच्या डोसची पद्धत ठरवताना

आता टाकी स्थिर होती, पण प्रवाळ खाणार ते खाणारच. नुसत्या पाणीबदलावर भागेना. दोन आठवडे रोज ठरलेल्या वेळी मोजून खप काढला, तो आला दिवसाला ०.२ डीकेएच. म्हणजे कॅल्शिअम १.४ पीपीएम.

माझा स्वतःचा ओढा चुन्याच्या निवळीकडे आहे. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडचं ते निवळलेलं पाणी कॅल्शिअम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात देतं, आणि मागे मीठ उरत नाही. पण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ती भरपाईच्या पाण्यातून घालायची, आणि ताईंची भरपाई आपोआप चालते. तिचा फ्लोट स्विच, म्हणजे पातळी गाठली की पाणी थांबवणारी कळ, मागे एकदा अडकला होता. साध्या पाण्याच्या वेळी तो अडकला म्हणून फक्त खारेपणा थोडा उतरला. निवळीच्या वेळी अडकला असता तर रात्रीतून टाकी गेली असती. म्हणून ती सोडली. कॅल्शिअम रिॲक्टर, म्हणजे चुनखडी विरघळवून टाकीला देणारं यंत्र, एवढ्या खपाला जड होता.

दोन बाटल्यांची पद्धत ठरली. एका बाटलीत लिटरभर आरओ पाण्यात १३२ ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड डायहायड्रेट, दुसरीत लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट. या प्रमाणात दोन्ही बाटल्या एकमेकींच्या तोडीस तोड असतात, जेवढे मिलिलिटर एकीतून तेवढेच दुसरीतून. ताईंच्या टाकीला रोज दोन्हींतून ८ मिलिलिटर लागतं. सोडा सकाळी दिवे लागण्याआधी, कारण रात्रभरात पीएच उतरलेला असतो. कॅल्शिअम रात्री, संपच्या दुसऱ्या टोकाला. पहिले दोन महिने ताईंनी हे सिरिंजने हाताने केलं. मीच तसं सुचवलं होतं. हाताने घातलं की रोज टाकीकडे डोळे जातात. मग डोसिंग पंप आला.

पावडरीचा डबा आता हवाबंद बरणीत असतो. कॅल्शिअम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं, गोळे होतात, आणि मग तराजूवर आपण निम्मं पाणीच मोजत असतो. बरणीवर ताईंनी मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘डायहायड्रेट, २७ टक्के’.

काय वाचलं, काय गेलं

मासे सगळे वाचले. हॅमर कोरल आठवडाभर मिटून होतं, दुसऱ्या आठवड्यात पूर्ण उमललं. माँटिपोराच्या एका पानाची त्वचा बुंध्यापासून सोलत गेली आणि तिसऱ्या आठवड्यात ते पूर्ण पांढरं पडलं. दुसऱ्याची कड गेली, बाकीचं राहिलं. एका रात्रीत ११.२ वरून ६.४ ला आलेली अल्कलिनिटी हेच याचं कारण असावं असं मला वाटतं. कॅल्शिअमच्या चढण्याने एवढं नुकसान सहसा होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

ताईंच्या बाजूने पाहिलं तर निर्णयाचा क्षण एकच होता: ३४० हा आकडा दिसला तो. तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणं, ३५ च्या द्रावणाने रिफ्रॅक्टोमीटर तपासून खारेपणा आणि मॅग्नेशिअम सोबत मोजणं, आणि काढलेल्या डोसचा पाचवा भाग घालून एक दिवस थांबणं, यातलं काहीही एक केलं असतं तरी पांढरं पाणी दिसलं नसतं. पाचवा भाग म्हणजे १६ ग्रॅम. घनफळाची आणि निर्जलाची चूक तशीच राहूनही पाणी ३४० वरून जेमतेम ३६७ ला गेलं असतं, आणि पुढच्या मोजणीत आकडा अपेक्षेपेक्षा जास्त चढल्याचं दिसून हिशेब कुठेतरी चुकलाय हे आपसूक कळलं असतं.

माझ्या बाजूने दोन गोष्टी. तयार असलेलं ते ४० लिटर पाणी मी त्याच रात्री बदलायला सांगायला हवं होतं. ते त्याच रिफ्रॅक्टोमीटरने मोजून कालवलेलं होतं, म्हणजे त्याचा खारेपणा टाकीशी आपोआप जुळत होता. तरंगणारे कण काही प्रमाणात बाहेर गेले असते, कॅल्शिअम थोडं उतरलं असतं, आणि अल्कलिनिटीची घसरण कदाचित सातच्या वर थांबली असती. मोठा पाणीबदल नको म्हणताना मी छोटाही टाळला, हे मला आजही खटकतं.

दुसरी, खारेपणाचा प्रश्न मी तिसऱ्या दिवशी विचारला. तो पहिल्या फोनवर विचारायचा होता. आता कुणीही कॅल्शिअम कमी आहे म्हणून फोन केला, तर मी आधी हेच विचारतो: रिफ्रॅक्टोमीटर कशाने तपासलात, साध्या पाण्याने की ३५ च्या द्रावणाने?

ताईंच्या माँटिपोराची कड अजून पूर्ण भरलेली नाही. गेल्या महिन्यात मी टाकी पाहिली तेव्हा उघड्या पडलेल्या सांगाड्यावर कोरलाइन शेवाळ चढलं होतं आणि त्याच्या बाजूने माँटिपोराची नवी, फिकट, नखाएवढी कड पुढे सरकत होती. ताईंनी काचेवर बाहेरून पेन्सिलीने तिची रेघ मारून तारीख लिहिली आहे.